आडवा पडलेला तुकडा

बाई: मामा, हात धुणं पुरे झालं. इकडे या आणि या सूक्ष्मदर्शकाखालच्या सतरा नंबरच्या काचेचा फॉर्म दाखवा.

मामा: ट्रेमध्ये आहे की, बाई.

बाई: ट्रेमध्ये आहे त्याला फॉर्म म्हणत नाहीत. नाव नाही, तुकडा काढणाऱ्या डॉक्टरची सही नाही. ‘पुरुष, सत्तावन्न, जिभेची डावी कड, दोन वर्षं बरी न होणारी जखम.’ संपलं. आणि अक्षर तुमचं.

मामा: मूळ कागद भिजला होता. मी उतरवून घेतला.

बाई: आणि नाव तेवढं वाहून गेलं.

मामा: नावाचं काय घेऊन बसलात? मागाहून शोधू. तुम्ही काच वाचा. नाव बघून पेशी बदलतात होय?

बाई: आज फार शहाणपण सुचतंय तुम्हाला. बसा त्या स्टुलावर. उभे राहून माझ्या मानेवर श्वास सोडू नका.

मामा: बसलो.

बाई: हं... वरचा थर चांगलाच जाड झालाय. तळहाताला घट्टा पडतो ना, तसा. तिथे काहीतरी सारखं घासत होतं.

मामा: दात. मोडका, टोकदार.

बाई: फॉर्मवर दाताचं काही लिहिलेलं नाही.

मामा: ...जिभेच्या कडेला दुसरं काय घासणार? अंदाजानं म्हटलं. पुढे सांगा.

बाई: दातानंच सगळं केलं असं मी लिहिणार नाही. पण घासणं चालू होतं, हे नक्की. खाली सूज आहे, शरीरानं दुरुस्तीला माणसं पाठवलीयत. मधल्या पेशी मात्र मला आवडत नाहीत. केंद्रकं मोठी, काळपट. तळाशी व्हायला हवं ते विभाजन पार वरपर्यंत पोचलंय.

मामा: असं का करतात त्या? एकतीस वर्षं काचा बनवतोय, पण तुम्हाला कधी विचारलं नाही.

बाई: आजच का विचारताय?

मामा: उत्तर द्या ना, बाई.

बाई: पेशीला इजा झाली की ती आधी सोसते. जाड होते, आकार बदलते, जमवून घेते. इजा थांबली तर पूर्वपदावरही येते. थांबली नाही, तर मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी भराभर कराव्या लागतात, आणि घाईत चुका होतात. फार चुका झाल्या की पेशी स्वतःहून मरते. गुपचूप, शेजाऱ्यांना तोशीस न देता.

मामा: आणि नाही मेली तर?

बाई: मग तीच चूक घेऊन वाढत बसते. वर्षानुवर्षं. आणि एक दिवस तळाची रेघ ओलांडून खाली उतरते. त्याला आपण कॅन्सर म्हणतो.

मामा: या माणसाची उतरलीय?

बाई: थांबा. बघू द्या मला... रेघेखाली पेशींची बेटं दिसताहेत. एक, दोन... पाच-सहा. चांगली खोलवर.

मामा: म्हणजे उतरली.

बाई: दिसतंय तसं. हे असंच लिहिलं तर सर्जन अर्धी जीभ काढेल. मानेतल्या गाठीही.

मामा: मग लिहा.

बाई: काय?

मामा: लिहा म्हटलं. लिहून मोकळ्या व्हा. जे आहे ते आहे.

बाई: मामा, पाणी प्या. ओठ कोरडे पडलेत तुमचे.

मामा: मला काही झालेलं नाही. तुम्ही लिहा.

बाई: मी लिहीत नाही. काच वाकडी आहे. तुकडा मेणात कडेवर उभा असायला हवा होता, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळे थर ओळीनं दिसले असते. हा आडवा झोपलाय. आडवा कापला की तळाचे उंचवटे मधोमध छाटले जातात, आणि जागच्या जागी असलेल्या पेशीसुद्धा खाली उतरल्यासारख्या दिसतात. हे मला तुम्हीच शिकवलंत. इथे आले त्याच आठवड्यात.

मामा: होते चूक.

बाई: दुसऱ्याकडून होते. अकरा वर्षांत तुमचा एक तुकडा आडवा पडलेला मी पाहिला नाही. तांदळाच्या कणीएवढा असला तरी उभा. काल काय झालं?

मामा: वय झालं.

बाई: काल तुम्ही बावीस तुकडे मेणात बसवले. एकवीस सरळ आहेत, सकाळपासून तेच बघतेय. हा एकच बसवताना तुमचा हात थरथरला.

मामा: बाई...

बाई: जीभ दाखवा.

मामा: काय पोरखेळ लावलाय!

बाई: मामा, तोंड उघडा. डावीकडे वळा, उजेडाकडे... अरे देवा. दोन टाके आहेत.

मामा: दातांच्या डॉक्टरांनी परवा काढला तुकडा. बाटली मीच खिशातून आणली. म्हटलं, आमच्याकडेच करतो.

बाई: आणि दोन वर्षं काय करत होतात? रोज अशा काचा हातातून जातात तुमच्या!

मामा: दात कानशीनं घासून बघितला. घरीच. बरं वाटलं थोडे दिवस.

बाई: कानशीनं! धन्य आहे. आणि नाव कशाला लपवलंत? माझ्यापासून? मी कोण लागते तुमची, परकी?

मामा: परकी नाही, म्हणूनच लपवलं.

बाई: म्हणजे?

मामा: आता विचारलंत तर ऐकून घ्या. आमच्या हिच्या वेळेला काचेवर नाव होतं. तुम्ही नाव वाचलंत, काच वाचलीत, आणि दोन दिवस रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवलात.

बाई: तुम्हाला कुणी सांगितलं?

मामा: कागदावर तारीख असते, बाई. ते दोन दिवस मी इथंच होतो. तुमच्यासमोर. विनोद करत होतो, तुम्ही हसत होतात.

बाई: माझा धीर होत नव्हता. रोज सकाळी ठरवून यायचे, आज सांगायचं. तुम्हाला बघितलं की जीभच उचलायची नाही.

मामा: दोन दिवस आधी कळून ती वाचली नसती, ते मलाही कळतं. पण त्या दोन दिवसांत मी तिच्यावर खेकसलो. सारखी काय पडून असतेस म्हणून. कळलं असतं तर खेकसलो नसतो. एवढंच. चार वर्षं झाली, तेवढंच घशात अडकलंय.

बाई: ...माझं चुकलं, मामा. चार वर्षं मलाही ते माहीत आहे. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही तोंड लपवलं.

मामा: म्हणून म्हटलं, या वेळी बिननावी द्यावी. सतरा नंबर. जे दिसेल ते फाडकन बोलाल.

बाई: ठीक आहे. मेणाचा ब्लॉक आणा. मेण वितळवू, तुकडा उभा करू, पुन्हा कापू.

मामा: आणतो. पण तो... हात बघताय ना माझा.

बाई: तुम्ही कापायचंच नाही. मी कापते.

मामा: तुम्ही? पाच वर्षांत त्या कापायच्या मशिनीचं चाक धरलं नाहीत. तुकडा आधीच एवढासा. वाया गेला तर पुन्हा जीभ कापून घ्यावी लागेल मला.

बाई: म्हणून तुम्ही शेजारी उभे राहणार आणि मला शिव्या घालणार. उठा.

मामा: ...चिमटा असा नाही, हलका धरा. आता उभा करा. वरचा जाड पांढरा थर तुमच्या उजव्या हाताला. पडू देऊ नका, मेण धरेपर्यंत सोडू नका.

बाई: धरलंय.

मामा: आता गार होऊ द्या. घाई नको... हां. लावा मशिनीला. पहिले चार-पाच काप फुकट जातील, जाऊ द्या. त्याहून जास्त नाही. आता चाक एका लयीत. मध्ये थांबलात की कापांची फीत तुटेल.

बाई: बोलू नका.

मामा: शिव्या घाला म्हणालात.

बाई: आता नको. आली... आली फीत.

मामा: श्वास रोखा, फुंकरीनं उडेल. पाण्यावर सोडा. अलगद. बाई, सुरकुती! ...नाही, पसरली. उचला काचेवर. झकास. चला, रंगवायला घ्या.

(तासाभरानंतर. नव्या काचेवरचा रंग जेमतेम वाळला आहे.)

बाई: हे बघा, मी डोळा लावतेय. काही बोलू नका.

मामा: बोलतोय कोण?

बाई: तुकडा उभा आहे. सगळे थर दिसतात. ती बेटं नाहीत. पाच-सहापैकी एकही नाही, ते उंचवटेच होते. रेघ सलग आहे... सलग आहे...

मामा: मग?

बाई: एका ठिकाणी तुटलीय.

मामा: हं.

बाई: एकाच ठिकाणी. मोजते. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. कॅन्सर आहे, मामा. आत्ताच उंबऱ्यावर पाय ठेवलेला. शेवटचं शिक्कामोर्तब सर्जन सगळा भाग काढेल तेव्हा होईल, पण मला दिसतंय ते हेच. कडेचा छोटा भाग काढावा लागेल. अर्धी जीभ नाही. तुम्ही बोलाल, जेवाल, मला टोमणे माराल. आठवड्याच्या आत काढून घ्यायचं. मी आत्ता फोन करते.

मामा: दोन मिनिटंही घेतली नाहीत तुम्ही.

बाई: नाही घेतली. या वेळी नाही.

मामा: बरं वाटलं. खरंच. भीती वाटतेय, पण बरं वाटलं.

बाई: द्या तो फॉर्म. नाव लिहा आधी. पूर्ण.

मामा: लिहितो... हे घ्या.

बाई: आणि लेकीला कधी सांगताय?

मामा: ती रविवारी येतेच आहे मुलांना घेऊन. नोकरीत दमलेली असते बिचारी, आत्ता कशाला तिच्या जिवाला घोर? निवांत सांगेन समोर बसवून.

बाई: आज वार कोणता?

मामा: शुक्रवार.

बाई: मामा.

मामा: ...माझा फोन त्या एप्रनच्या खिशात आहे. द्या जरा इकडे.