चार वाजताची गाडी आणि बाबांची टॉर्च

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिंगे, तू होय! थांब, थांब, हातात मोजे आहेत… रबरी गं, रबरी मोजे… हां, काढला एक. बोल.

हो, भरली बॅग. कालच भरली… टॉवेल दोन, चपला, गोळ्यांची डबी, चष्म्याचं घर… हो गं, यादीतलं सगळं… टॉर्च? तीच तर… अगं ऐक ना. मी तुलाच फोन करणार होते.

बाबांना न्यायला सेंटरची गाडी निघाली का?… चारला येणार ना? आणि आत्ता झालेत अडीच… म्हणजे निघाली नसेल अजून.

चिंगे, गाडी पाठवू नका म्हणून सांग त्यांना.



हो, शुद्धीत आहे… नाही, ताप नाही आला… ओरडू नकोस, फोन कानाला लावलाय, बहिरी व्हायची मी.

हो, मीच म्हणाले होते. मान्य. मीच रडले होते तुझ्यापाशी. अर्धांगाचा झटका आल्यापासून पाच महिने बाबांना उठवून बसवून माझी कंबर गेली, शिवणकाम तुंबलं, मला झेपत नाही, कुठेतरी सोय बघ… हो, आणि तू बघितलीस. रजा टाकलीस, खेटे घातलेस, डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस… मी कुठे नाही म्हणते? तुझ्यावर कोण रागावलंय? अगं, मला सांगू तर दे. पहिल्यापासून सांगते. मध्ये तोडू नकोस.

तर यादीत टॉर्च होती. म्हणून मी कपाटातून बाबांची ती काळी, जाड टॉर्च काढली… तीच, अॅल्युमिनिअमची. रंग उडालेला, कडा पांढऱ्या पडलेल्या, हातात धरवेना. म्हटलं, बाबांना तिकडे पाठवायचं ते पाठवायचं, आणि वर हे भंगार हातात द्यायचं? चादरींना इस्त्री केली, शर्टांना केली, बनियनला केली… हो, बनियनला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. बाबांना घरातून काढतेय असं वाटत होतं मला. काढतच होते ना?… तू म्हण नाही. मला तसंच वाटत होतं.

तर खालच्या मजल्यावरचा तो मेकॅनिक… दाढीवाला, हो. तो म्हणाला, ताई, हा काळा रंग नुसता लावलेला नसतो, धातूवरच बसवलेला असतो, घासून जायचा नाही. कॉस्टिक सोडा घाला पाण्यात. मोरी तुंबली की टाकतो ना आपण, तो. त्यात बुडवा, सुटेल… अगं हो, घातले होते मोजे. डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, मागच्या गॅलरीत, प्लॅस्टिकच्या बादलीत. पाण्यात पूड टाकली, पुडीवर पाणी नाही. एवढं कळतं मला.

सेल काढले, काच काढली, बल्ब, रबराच्या कड्या, सगळं काढून नुसतं नळकांडं बुडवलं. आणि अशी फसफसली ती! काळं काळं पाणी. दोन मिनिटांत बाहेर काढा म्हणाला होता. नेमकी तेवढ्यात पडदेवाली बाई आली… तीच, सात खिडक्यांची. बसले मापं लिहीत.

किती वेळ काय, वीस मिनिटं तरी.

जाऊन बघते तर काय, राखेत लोळल्यासारखी झालेली. इथे करडी, तिथे काळी, मध्येच खवले. रडूच आलं मला. धुतली, खूप धुतली, आणि आज सकाळी घासायला बसले. पॉलिश पेपर आणले होते, तीन वेगवेगळ्या नंबरांचे. मी घेतला सगळ्यात बारीक. म्हटलं, ओरखडे नकोत… हसतेस काय? तू सांग बरं, आधी कुठला घ्यायचा?… चूक! तुझंही चूक. आधी खरखरीत, मग मधला, मग बारीक. चाळीस वर्षं बापाने कारखान्यात बफिंग केलं, नळ आणि दारांच्या मुठी आरशासारख्या केल्या, आणि लेकींना नंबर ठाऊक नाहीत. दिव्याखाली अंधार.

तर मी आपली गोल गोल घासतेय, पातेलं घासावं तशी. बाबा खुर्चीत. तोंड खिडकीकडे. मला वाटलं डोळा लागलाय. आणि मागून आवाज आला.

‘गाढव.’

अगं आईशप्पथ! ‘गाढव’!… नाही, रेडिओ बंद होता. बाबा म्हणाले. स्पष्ट. ढ सुद्धा नीट आला… हो ना! पाच महिने एकच शब्द. भात, नको. पाणी, नको. आंघोळ, नको. आणि आज एकदम गाढव! मी इतकी खूश झाले ना, आयुष्यात कुणी शिवी दिली म्हणून इतकी खूश झाले नसेन.

अगं, तुला पण म्हणतील. म्हणतील गं… रडतेस का हसतेस?

बरं, पुढे ऐक. मी टॉर्च घेऊन त्यांच्यापुढे गेले. म्हटलं, मी गाढव तर तुम्ही दाखवा. डावा हात पुढे केला त्यांनी. बोटांनी पेपर चाचपले, एकेक. बारीक खाली टाकला. खरखरीत उचलला. डोळे मिटूनच, चिंगे. मांडीवर टॉवेल टाकला मी, त्यावर टॉर्च ठेवली. उजवा तर लुळा, आता एका हाताने घासणार कशी? पेपर लावला की टॉर्च घरंगळते. गुडघ्यांत धरून बघितली. निसटली. खाली पडली. दोनदा. मी उचलून दिली दोनदा.

तिसऱ्या वेळी उजवा हात आला.

हो. उजवा.

अगं मी कशाला मदत करते? मी तर श्वास धरून उभी. मांडीवरून सरकत सरकत आला. बोटं अशी एकेक… टॉर्चच्या भोवती. व्यायामाच्या बाई दीड महिना तो स्पंजचा चेंडू देतायत, दाबा आजोबा, दाबा आजोबा. कधी दाबला? परवा तर डाव्या हाताने खिडकीतून भिरकावला. खालच्यांच्या वाळवणावर जाऊन पडला… तुला सांगायचं राहिलं ते.

आणि इथे कुणी दाबा म्हटलं नाही. काम होतं, म्हणून आला हात.

हं… हं… बोल, ऐकतेय.

नाही, ते बरोबर आहे तुझं. एका टॉर्चने माणूस बरा होत नाही. उद्या परत तोंड फिरवून बसतील. मलाही कळतं ते… हो, जागा जाईल. त्यांच्या खाली किती नावं आहेत, सांगितलंस तू. परत मिळेल न मिळेल… हो.

हो, कंबर तीच आहे. ती काही आज बदलली नाही.

मी स्वतःची समजूत घालतेय? असेल. तसं म्हण. पण चिंगे, एक सांग. तिकडे त्यांना कोण काम देणार? स्वच्छ चादर देतील, वेळेवर गोळी देतील, माझ्यापेक्षा नीट उचलतील. बिघडलेलं काम कोण देणार? तिथे कोण इतकं वाईट घासणार, की त्यांना गाढव म्हणावंसं वाटेल?



थांब. थांब तू. मी फोन नेते त्यांच्याजवळ. काही बोलू नकोस, नुसतं ऐक… बाबा, चालू द्या तुमचं. मी आहे इथेच.

…

आलं ऐकू?… तो आवाज त्यांच्या घासण्याचा. एकाच दिशेने, बघ. माझ्यासारखं गोल नाही. आता दुसरा नंबर लागलाय, म्हणून आवाज बारीक झालाय. दमतात गं. आठ-दहा वेळा घासलं की थांबतात, घाम येतो. मी पुसते. परत लागतात… हो, दंडापासून चमकायला लागली. म्हणजे टॉर्चचा मधला भाग गं, तुला दंड म्हटलं की बाबांचाच वाटतो.

मगाशी साबण मागितला. पॉलिशचा, तो लाल, विटेसारखा असतो तो. शब्द आला नाही. हवेत हाताने चौकोन काढला आणि मशीनचा आवाज केला तोंडाने. घुर्रर्र. मला लगेच कळलं. पाच महिन्यांत इतकं सरळ काही कळलंच नव्हतं मला त्यांचं.

चिंगे… रडू नकोस ना. मी पण रडेन मग, आणि मोज्याने डोळे पुसता येत नाहीत.

ऐक. मी देवमाणूस नाहीये. पंधरा दिवसांनी मीच परत फोन करून तुझ्यापाशी गळा काढीन, मला झेपत नाही म्हणून. तेव्हा तू मला ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायचं नाही. कबूल?… आणि तू रविवारी येशील का? सकाळी ये, संध्याकाळपर्यंत राहा. मला काही नको, फक्त झोपू दे. दार लावून, सलग… शनिवारीच येतेस? मुक्कामाला?… अगं, मग तर काय. नाही, येताना काही आणू नकोस. बरं, आण. तो साबण मिळतो का बघ. आणि घरातलं काही जुनं, काळवंडलेलं असेल तर तेही. दाराची कडी, नळ, काय वाटेल ते. चांगलं आणू नकोस.

मग करतेस ना सेंटरला फोन?… तूच कर बाई, मला लाज वाटते. चांगली माणसं आहेत ती, नीट सांग. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं, त्यांना गरज असेल… हो, आत्ता लगेच कर, गाडी निघायच्या आत. बॅग मी रिकामी करते. बनियनच्या इस्त्रीचं तेवढं वाईट वाटतंय.

काय?… झाली वाटतं. थांबलेत. बाबा, बघू? अगोबाई… चिंगे, चेहरा दिसतोय त्यात! वेडावाकडा, पण दिसतोय. खवले आहेत अजून तळाशी, ते माझे. द्या बाबा, मी काच लावते, सेल घालते… द्या ना.

द्या, बाबा.

अगं, देत नाहीयेत… नाही, डाव्या नाही, उजव्या हातात आहे. मी ओढतेय तर ते उलटे ओढतायत! सोडा ना, पडेन मी… सुटत नाहीये, चिंगे. खरंच सुटत नाहीये. एवढा जोर… ठेव तू फोन, ठेव, सेंटरला लाव. मला दोन्ही हात लागणार आहेत.