मोठा एफ, छोटा एफ

नीरजा : माहितीपुस्तिकेच्या पानावरच्या त्या लिंका तू कुणाला विचारून बदलल्यास?

शार्दूल : बदलल्या नाहीत. हेडिंगवरून लिंक आपोआप बनते, ती आता सगळी स्मॉल अक्षरांत बनते. एवढंच.

नीरजा : एवढंच? अरे, बोटींच्या केबिनमध्ये आपले क्यूआर कोडचे स्टिकर आहेत. मोबाइल धरला की इंजिनाला आग लागल्यावर काय करायचं, तो भाग उघडतो. स्टिकरच्या लिंकमध्ये फायरचा एफ कॅपिटल आहे. तुझ्या पानावर स्मॉल झाला.

शार्दूल : तरी पान उघडतंच की.

नीरजा : उघडतं, पण आगीच्या भागावर नाही, अगदी वरून. आधी कंपनीची ओळख, मग वॉरंटी. बोटीला आग लागली तेव्हा आनंदाकाका धुरात उभे राहून वॉरंटी वाचत होते! त्या भागाचं पहिलंच वाक्य आहे, इंजिनाचं झाकण उघडू नका. काकांनी उघडलं, आणि भडका उडाला.

शार्दूल : माझ्यावर ओरडू नकोस. हेडिंगं तूच लिहितेस ना? एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल, मनाला येईल तसं. रोज लिंका तुटायच्या. मी सगळं एकसारखं केलं, तर मीच गुन्हेगार?

नीरजा : माझ्या चुका मला दाखवायच्या होत्यास. आणि जुन्या लिंका नव्यांकडे वळवायच्या असतात, हे मी तुला शिकवू?

शार्दूल : वळवणार होतो. भास्करसरांनी मध्येच दुसरं काम दिलं. आणि ते स्टिकर कुणी वापरतं, हे मला काय माहीत! मला वाटलं, शोभेचे आहेत.

नीरजा : शोभेचे! मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीबोटींत चढून मी चिकटवलेत ते. आता सर मलाच विचारतायत, "मजकूर तुझाच ना?"

शार्दूल : तुझाच आहे.

नीरजा : लाज नाही वाटत?

शार्दूल : खरं सांगितलं तर नोकरी जाईल माझी. पुणं सोडून आलोय, इथे दुसरी कुठे मिळणार?

नीरजा : आणि माझी गेली तर चालेल.

(नीरजाचा फोन वाजतो. आनंदाकाकांचा मुलगा मितेश. ती स्पीकर लावते.)

मितेश : ताई, मितेश बोलतोय. बाबांना वॉर्डात हलवलं.

नीरजा : हात कसा आहे?

मितेश : उजवा फार भाजलाय. पण बोटं वाचतील म्हणतात. ताई, बाबा सारखे एकच बोलतायत, घाईत माझ्याकडूनच मोबाइलवर काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. जेवतसुद्धा नाहीत. काय सांगू त्यांना?

शार्दूल : फोन दे इकडे.

नीरजा : काय बोलणार आहेस?

शार्दूल : दे म्हटलं ना. मितेश, मी शार्दूल, ऑफिसातला. बाबांना सांग, त्यांनी बरोबरच दाबलं होतं, लिंक माझ्यामुळे तुटली होती.