पितृपक्षाच्या आत

— नाही हो काका, निळा म्हणजे मुलगा नव्हे! बसा आधी. पडद्यावर निळं दिसलं ते रक्त — आमच्या यंत्रापासून लांब पळणारं निळं, जवळ येणारं लाल. कळलं? आणि तुम्ही त्या टेक्निशियनला मिठी मारलीत! तो बिचारा मला विचारतो, "मैडम, चाचाजी को हुआ क्या?" काय सांगू त्याला? की हे आमचे रिटायर्ड सुभेदार राजारामकाका, सुनेची सोनोग्राफी बघायला आले आणि झेंडा फडकवून मोकळे झाले?

बरं, ऐका. विभावहिनीचं सिझेरियन करायचंय, कबूल — बाळ पायाळू आहे. हो, पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं, माहितेय, चिकटवू कुठे तरी विहिरी खणायला. पण अनंत चतुर्दशीलाच का? तर म्हणे लगेच पितृपक्ष लागतो, आणि हजरतगंजच्या पंडितजींनी राजयोग काढलाय! पंडितजी ग्रह बघतात, मी बाळाच्या फुप्फुसात शिरणारं रक्त बघते — मग माझं का नाही ऐकायचं? एम.डी. करायला तुमच्या घरी राहते, काकूच्या हातची आमटी ओरपते, म्हणून गप्प बसू? पोटात बाळाला श्वास घ्यायचाच नसतो, फुप्फुसं नुसती बंद दुकानं. जसजशी पिकतात तशी आतली वाट सैलावते, रक्त सावकाश चढतं. या बाळाचं रक्त कसं — उसळी मारतं न मारतं तोच पडतं. म्हणजे वाट अजून आवळलेली. आता बाहेर ओढलं तर कण्हत, नाकपुड्या फुलवत पडेल काचेच्या पेटीत, आणि तुम्ही बाहेर पत्रिका घेऊन उभे! हे मोजमाप नवं आहे, मान्य. आमच्या गाईड देविका मॅडमसुद्धा म्हणतात, "रुचा, यावर पूर्ण भरवसा नको." पण पंडितजींवर ठेवलात तो भरवसा कुणी तपासला?

दोन आठवडे थांबा, एवढंच म्हणते. नर्सिंग होमवाले तुम्ही म्हणाल ती तारीख देतात. सत्यजितदादा तेजपूरहून फोनवर म्हणतो, "बाबा म्हणतील तसं" — वायुसेनेत विमान उडवतो आणि घरात तोंड उघडत नाही! वहिनीला तर कुणी विचारलंच नाही. आणि पितृपक्षात जन्मलं तर काय बिघडतं हो? पितर जेवायला येतातच ना, एखादा राहायला आला म्हणा! — अच्छा, नाही हसत. पण तो राजयोग घेऊन ती करणार काय, तिला श्वासच नाही घेता आला तर —

काय?

मी 'ते' म्हणाले. ते बाळ. नाही, तुम्ही चुकीचं ऐकलंत. अहो काका… मुलगा की मुलगी सांगायला कायद्यानं बंदी आहे, माझी डिग्री जाईल, मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही असे बघू नका. शिव्या द्या हवं तर —

काय म्हणालात? परत म्हणा. "मग घाई नाही"? पितृपक्षात झालं तरी चालेल?

वा! म्हणजे मिळाले की दोन आठवडे. रक्त समजावलं, फुप्फुसं समजावली, घसा बसवून घेतला — आणि मिळाले ते कशानं? एका 'ती'नं!

नको, आता समजूत घालू नका. फाटकाशी पीसीओ आहे, नर्सिंग होमला फोन करा, तारीख रद्द म्हणून सांगा. वहिनी आत कपडे बदलतेय, तिला घरी मी आणीन. तुम्ही नाही थांबायचं. जा म्हणते ना!