माग बंद ठेवून काढलेला सिनेमा

...आणि वर मलाच म्हणते, "आप्पा, तुम्ही बाप वाटतच न्हाय." आता तुम्हाला सांगतो, जिला लहानाची मोठी केली तिनंच असं म्हटल्यावर माणसानं जावं कुठं? आमची क्रांती सिनेमा काढत होती. थेटरातला न्हाय हो, मैत्रिणी-मैत्रिणींनी मिळून काढलेला. गोष्ट एका पोरीची, बापाचं न ऐकता पुण्याला कॅमेरा शिकायला जाते तिची. पोरगी झाली तिची मैत्रीण निशिगंधा आणि बाप झालो मी, कारण मी फुकटात मिळालो. बोलायचं एवढंच, "न्हाय जायचं." पण ओरडून.

कबनूरात राहून ओरडायला काय लागतंय? घरोघरी कापडाचे माग, त्यांच्या खडखडाटात आम्ही जेवताना मीठसुद्धा बोंबलून मागतो. पण आवाज नीट टिपायचा म्हणून तिनं आमचे माग बंद ठेवले, शेजारच्या गुंडूच्या हातापाया पडून त्याचेही बंद करवले, आणि काय सांगू, अशी शांतता पसरली... खिडकीतनं उन्हाची तिरीप, त्यात कापसाचं तूस हळूहळू तरंगतंय, लांब कुठंतरी कबुतर घुमतंय, आपल्याच घरात पावणा आल्यागत वाटायला लागलं. आता अशात माणसानं ओरडावं तरी कसं? "न्हाय जायचं" म्हणायचो ते झोपल्या लेकरावर पांघरूण घालताना बोलावं तसं. की लगेच, कट. परत उन्हाकडं बघायचो, परत तसंच. निशिगंधा पिशवी उचलून उचलून दमली. गुंडू दारातनं म्हणतोय, "बाळासो, ओरड की लेका, माझा धंदा बसलाय." अहो, पण ओरडावं तरी कसं?

शेवटी क्रांती कॅमेरा सोडून जवळ आली, माझी कॉलर सरळ केली, आणि इतक्या हळू बोलली, की माग चालू असते तर मला ऐकूच आलं नसतं.

"आप्पा, पुण्याला माझा नंबर लागलाय. सोमवारी जाणार हाय."

आणि गेली परत कॅमेऱ्यामागं.

"न्हाय जायचं!"

असा ओरडलो, की गुंडू उठून उभा राहिला, निशिगंधाच्या डोळ्यांत खरंच पाणी, आणि आमची क्रांती? टाळ्या वाजवतेय.

सोमवारी तिनं पिशवी भरली. मी दारात आडवा. माग जोरात चालू होते, ओरडलो असतो तर खपलं असतं, पण तिच्याकडं बघून ओरडावं तरी कसं? कानाशी जाऊन म्हटलं, "न्हाय जायचं."

तर हसून म्हणते, "आप्पा, तो शॉट ओके झालाय की."

मग काय... पिशवी जड होती, स्टँडपर्यंत मीच नेली.