कागद अडखळला की थांबायचं

चहा घ्या, तोवर माझ्या पोरीच्या मशीनचं सांगतो. ती नालवाडीजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर लोखंड कोरते. डबा विसरली म्हणून मी द्यायला गेलतो. तेवढ्यात मशीनचं कटर तुटलं. तिनं नवं बसवलं, पण मशीन सुरू करेना.

"सारखंच तर दिसते. चालव ना," मी म्हणालो.

"बाबा, नांगराचा फाळ बदलला का तुमी खोली पुन्हा पाहाता ना? नव्या कटरची लांबी मशीनले सांगितली नाई, तर ते सरळ लोखंडात घुसते. दोन दिवसांचं काम जाते."

तिनं लोखंडावर कागदाची पट्टी ठेवली. एका हातानं चाक फिरवून कटर हळूहळू खाली आणत ती दुसऱ्या हाताच्या बोटानं पट्टी मागेपुढे सरकवत राहिली. पट्टी जराशी अडखळली, तसं तिनं कटर थांबवलं.

"पकडला कागद. आता याची जाडी वजा करायची."

तिनं आकडा टाकला, बटण दाबलं. कटर सुसाट खाली आलं. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा कटर लोखंडाचा कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर काढत होतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

"मशीनले काऊन हात जोडता, बाबा?"

"मशीनले नाई वो माय, तुह्या बोटाले."