मर्सीताईच्या मांडीवर

माझं माहेर करमाडचं. आज्यापासून ख्रिस्ती आमी, काल-परवाचे नाय. लग्न होऊन मुकुंदवाडीत आले. पोरीचे पप्पा चिकलठाण्याच्या एका कंपनीत होते, दोन वर्षामागं वारले, तवापासून मी तिथल्याच कॅन्टीनात पोळ्या लाटते. एकच पोरगी, सुवार्ता.

काय सांगू तुम्हाला, गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांनीच लकडा लावला, पोरीला चर्चच्या कॅम्पाला पाठवा, घरात बसून कोमेजली, चार पोरींत मिसळंल, तर मीच तिची बॅग भरली, मीच चिवडा करून दिला, व्हय, मीच. आठवड्यानं आली ती निराळीच पोरगी. उठता बसता मर्सीताई. ती कॅम्पातल्या पोरी सांभाळणारी. मर्सीताई गिटार वाजवती, मर्सीताई अशी वेणी घालती, मर्सीताई म्हणती देवाशी आपल्या बोलीत बोलावं. जेवायला बसलो की माझा हात धरून, डोळे मिटून ही लांबलचक प्रार्थना, पोळी गार होऊस्तर. आमच्यात हिचे पप्पा प्रार्थना करायचे अन् आमी आमेन म्हणायचो, ते गेल्यावर मी आपली प्रभूची प्रार्थना भरभर म्हणायची अन् ताट ओढायची. ते हिला आता कोरडं वाटाया लागलं.

कॅम्पाहून आलेली पोरं पुढच्या रविवारी चर्चमधी साक्ष देतात, काय अनुभव आला ते सगळ्यांपुढं सांगायचं असतं. मी ठेवणीतली साडी नेसून पुढच्याच बाकावर. पोरगी उभी राहिली अन् म्हणती, कॅम्पात मला येशू भेटला. अंगाचा तिळपापड झाला बगा माझ्या. अगं, तान्ही होतीस तवापासून कडेवर घेऊन आणते तुला हितं, तवा कोण भेटत होतं? तर पुढं म्हणती, पप्पा गेल्यावर मी रडलेच नव्हते, मर्सीताईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. अख्खं चर्च डोळे पुसाया लागलं, अन् मी जळत होते, खोटं कशाला बोलू. माझी मांडी काय भाड्यानं दिली होती का?

घरी आल्या आल्या इचारलंच, माझ्यापाशी का नाय रडलीस? खाली बघून म्हणली, मम्मी, माझं तोंड रडवेलं झालं की तू उठून भांडी घासायला जायची. व्हय, जात होते मी. नळ मोठा सोडून तिथंच रडायचे, पोरीला दिसू नये म्हणून. ते तिला सांगितलं अन् मग दोघी लई रडलो. पण पहिलं रडं मर्सीताईलाच मिळालं ना, ते काय मला परत मिळतंय?

औंदा दहावीचे पेपर झाले अन् पोरगी पुन्हा कॅम्पाला गेली. जाताना म्हणली, मर्सीताईसाठी शेंगदाण्याचे लाडू कर. केले. गूळ जरा कमीच घातला, हसू नका. काल एकटीच ताटावर बसले, म्हणलं आपणही आपल्या बोलीत बोलून बघू. म्हणलं, बापा, माझ्या पोरीला रडू दिलं त्या मर्सीताईनं, तिचं कल्याण कर. तिला चांगला नवरा दे, लवकर दे, अन् सासर लई लांबचं दे. आमेन.