पुढं गाडी कोण चालवायचं?

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या बाजारपेठेतले बद्रीनाथकाका. तृप्तीताईला शाळेत पहिल्यांदा मैदानावर उतरवणाऱ्या आणि आज प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या भावना मॅडम. व्यासपीठावरची थोर मंडळी. आमचे वडील कारभारी आबा. समोरच्या माता-भगिनी, परतूरचे आणि आमच्या गावचे ज्येष्ठ, आणि मागं दाराशी उभे राहून मला बघून हसणारे माझे दोस्त, सगळ्यांना माझा रामराम.

मी सोमेश्वर. सत्कारमूर्तीचा धाकटा भाऊ. शिक्षण आठवी, तेही बराबर झालं न्हाई. सध्या ओडिशात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. त्याआधी सुरतेला होतो, त्याआधी हैदराबादला. एका जागी माझा जीव रमत न्हाई, आईला विचारा. मॅडमनी सांगितलं, घरच्यांच्या वतीनं चार शब्द बोल. ते चार शब्द कुठले, हेच सकाळपासून ठरवून राह्यलोय.

ताईबद्दल मोठ्या माणसांनी बोलून झालंय. शाळेतून पोरींना मिळाली ती सायकल घेऊन ती निघाली आणि देशाची चॅम्पियन झाली. आता गुडघ्यानं साथ सोडली, स्पर्धा थांबली, आणि उद्या ती कोच म्हणून केरळला निघाली. अभिमान कुणाला वाटणार न्हाई? पण तिची शर्यत आम्ही पहिल्यांदा मोबाइलवर बघितली, तेव्हा घरात नुसती बोंबाबोंब. भिंतीसारखा चढलेला लाकडी ट्रॅक, त्यावर दोघीच पोरी, आणि दोघी सायकली जवळजवळ उभ्या करून एकमेकींकडं बघून राह्यल्या. आबा ओरडले, "आगं हाण की! दिल्लीला उभं राह्यला गेल्तीस का?" आई म्हणली, "चेन पडली असंल हो तिची." मंग एकदम दोघी सुटल्या. आईचं बोलणं संपायच्या आत ताई जिंकली होती.

मागून फोनवर तिनं समजावलं. "सोम्या, जी पुढं जाती ती हवा फाडती. मागची तिच्या आडोशाला राह्यती, दम राखती, आणि शेवटी बाजूनं निघून जाती. म्हणून आधी कुणालाच पुढं जायचं नसतं."

एवढं ध्यानात ठेवा. माझं पुढचं बोलणं ह्याच्यावरच आहे.

मघाशी इथं सांगितलं गेलं, की गावाच्या रस्त्यावर रोज सकाळी भाऊ मोटारसायकल घेऊन पुढं असायचा, त्याच्या आडोशाला बहीण सायकल हाणायची, आणि तिथंच चॅम्पियन घडली. टाळ्या वाजल्या. मला फेटा बांधला, शाल टाकली. बाहेर फ्लेक्सवर फोटोही आहे, मी पुढं, ताई मागं. सकाळी रेल्वेतून उतरलो आणि स्टेशनासमोर स्वतःचंच तोंड एवढं मोठं बघून दचकलो. न्यायला आलेला दोस्त म्हणला, "काय हिरो! जिंकली बहीण अन् फोटो तुझा मोठा?"

मंडळी, फोटो खरा आहे. पण तसा दिवस एकच झाला.

त्या दिवशी मी हौसेनं आबांची गाडी काढली. मला हळू चालवणं जमत न्हाई. जराशात मी कुठल्या कुठं गेलो, आणि ताई मागं उघड्या हवेत. परत फिरून आलो तर ती घामानं निथळत उभी. म्हणली, "तू नको येऊ सोम्या. तुला मागं बघता येत न्हाई." फोटो त्याच्या आधीचा, निघतानाचा. आणि तो काढला कुणी? जी रोज पुढं गाडी चालवायची, तिनं.

तिचं नाव बेबीनंदा अक्का. आमच्याच गावच्या, भीमनगरातल्या. जुन्या मोपेडवर परतूरला कापसाच्या जिनिंगवर कामाला जायच्या. आमच्या गावात गाडीला आरसा टिकत न्हाई, पोरं नवी गाडी आणली की आधी आरसे काढतात. अक्कांच्या मोपेडला एक आरसा होता, तारेनं बांधलेला, तो ताईसाठी. "आरशात दिसत राह्य गं पोरी," म्हणायच्या, "दिसली न्हाईस की मी हळू झालेच." हळू झाल्या की कामावर उशीर, आणि मुकादमाची बोलणी. जिनिंगचा हंगाम संपायचा, तरी मोपेड निघायची. तेव्हा परतूरला त्यांचं काय काम होतं? काहीच न्हाई.

मंग माझं नाव आलं कुठून? पेपरवाला बातमीसाठी घरी आल्ता. त्यानं विचारलं, पुढं गाडी कोण चालवायचं? आबा म्हणले, आमचा सोमेश्वर. हे मला आज कळलं. फेटा बांधताना मी विचारलं, "आबा, हे काय?" ते म्हणले, "पावण्यारावळ्यांत घरचं नाव बरं दिसतं. तिकडचं नाव कशाला?" आबा, भरल्या सभेत बोलतो, राग धरू नका. तिकडचं म्हणजे कुठलं? रस्ता तर एकच होता.

पण आबांना तरी कोणत्या तोंडानं बोलू? विचारलं खरं, आणि मान खाली घालून फेटा बांधूनच घेतला. शाल टाकायला आले तेव्हा वाकलो. टाळ्या वाजल्या, हात जोडले. आणि समोर बघितलं तर अक्का शेवटी, पाण्याच्या जारजवळ, त्यासुद्धा माझ्यासाठी टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या. तेव्हापासून मान वर होत न्हाई. ताईनं समितीला त्यांचं नाव दिल्तं. पहिल्या रांगेत बसवतो, असं कबूल झालं होतं. पहिल्या रांगेत कोण कोण बसलंय, तुम्हीच बघा.

माझ्यानंतर ताई बोलणार आहे. ती हे सांगणारच, तिचा चेहरा मला कळतो. पण स्वतःच्या निरोपाच्या दिवशी बापाला अन् भावाला खोटं पाडायचं काम तिच्या गळ्यात का? म्हणून माझं मीच बोललो.

ही शाल मी खुर्चीवर ठेवतो. अक्कांना ती द्यायची न्हाई. माझ्या अंगावरची उतरलेली शाल त्यांना देणं म्हणजे वरून दुसरा अपमान. बाईच्या अंगावर गडीमाणूस शाल टाकत न्हाई, ही आपली रीत. तेव्हा ताई, टेबलावर तुझ्यासाठी आणलेली कोरी शाल आहे. बघा, मी सांगायच्या आधीच तिनं उचलली.

अक्का, सुरुवातीला सगळ्यांना रामराम घातला, तुमचा जय भीम राहून गेला. जय भीम, अक्का. हातानं नको नको करू नका. आणि दोस्तांनो, हसत काय उभे राह्यलात? खुर्च्या सरकवा, मधली वाट मोकळी करा.

काकांचे, मॅडमचे, मांडव घालणाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, आबांचं मन दुखलं असेल, तर अडाणी लेकरू समजून पदरात घ्या. मी खाली येतो, अक्का. तुम्ही पुढं चला, सवयीनं. मी मागून हळूच येतो.